निश्चुंबक ग्रहांची उसनी ढाल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात दरवर्षी एक तरी व्याख्यान ज्ञानविषयक असावे, ही आपल्या मंडळाची प्रथा स्तुत्य आहे. यंदा हे काम आमच्याकडे सोपविण्यात आले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढील सारे आयुष्य शाळेत मुलांना शिकविण्यात गेले. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने बोलण्याचा आमचा मानस नाही. जे वाचले व समजून घेतले, ते घरातील वडीलधाऱ्यांना आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना सारखेच कळेल अशा भाषेत मांडावे, इतकाच हेतू आहे.

सूर्यापासून अहोरात्र एक वारा वाहत असतो. ज्या ग्रहांना पृथ्वीसारखे स्वतःचे चुंबकत्व नाही, त्यांच्याभोवती हा वाराच एक चुंबकीय आवरण निर्माण करतो. ते कसे, आणि त्यापायी त्या ग्रहाला काय गमवावे लागते, हा आजचा विषय होय. विषय दूरचा वाटेल. परंतु एखाद्या ग्रहाभोवतीची हवा टिकते कशी आणि जाते कशी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे, आणि हवेवाचून आपले क्षणभरही चालत नाही.

प्रथम या वाऱ्याची ओळख करून घेऊ. खग्रास ग्रहणाच्या वेळी काळवंडलेल्या सूर्यबिंबाभोवती मोतिया रंगाचे जे प्रभामंडल दिसते, त्याचे तापमान दहा लाख अंशांच्याही वर असते. इतक्या उष्णतेत अणू अखंड राहत नाहीत. त्यांतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित कणांचा एक वायू तयार होतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. हा प्लाझ्मा सूर्याच्या आकर्षणाला न जुमानता सर्व दिशांना वाहत सुटतो, त्यालाच सौरवात हे नाव आहे. पृथ्वीपाशी पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सरासरी सुमारे ४०० किलोमीटर असतो. कधी कधी तो ८०० पर्यंतही जातो. मात्र तो इतका विरळ असतो की एका घनसेंटिमीटरात जेमतेम पाच-दहा कण सापडावेत. आपल्या प्रयोगशाळांत साधलेली निर्वात पोकळीही त्यापुढे दाटच म्हणावी लागेल.

या वाऱ्याचा सुगावा प्रथम धूमकेतूंनी दिला. धूमकेतू सूर्याकडे येत असो वा दूर जात असो, त्याचे विद्युतभारित वायूचे शेपूट जवळजवळ सूर्याच्या उलट दिशेलाच असते. यावरून सूर्यापासून सतत कणांचा प्रवाह वाहत असला पाहिजे, असे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बीरमान यांनी १९५१ मध्ये प्रतिपादिले. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतील यूजीन पार्कर यांनी गणिताने या वाऱ्याची उपपत्ती मांडली. त्या वेळी ते अवघे तिशीचे होते. त्यांचा निबंध ज्या दोघा परीक्षकांकडे गेला, त्या दोघांनीही तो नापसंत केला. संपादकाच्या खुर्चीत होते आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही ही कल्पना रुचली नव्हती. परंतु परीक्षकांना गणितात दोष दाखविता आलेला नाही, हे पाहून त्यांनी निबंध छापला. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर-२’ या यानाने सौरवाताचे अस्तित्व निःसंशय सिद्ध केले. न पटणाऱ्या मतालाही न्याय कसा द्यावा, याचे हे उदाहरण तरुणांनी आणि विशेषतः आम्हां वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे आहे.

आता मुख्य मुद्दा. सौरवात रिकाम्या हाताने येत नाही. सूर्याचे चुंबकीय क्षेत्र तो आपल्याबरोबर ओढीत आणतो. प्लाझ्मा हा विजेचा उत्तम वाहक असल्यामुळे चुंबकीय रेषा त्यात जणू गोठून बसतात आणि त्याच्याबरोबर वाहत जातात. हा सिद्धान्त स्वीडनचे हान्नेस आल्फव्हेन यांचा. त्यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे वाहते क्षेत्र मात्र अगदी दुबळे असते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्र ठिकाणपरत्वे सुमारे २५ हजार ते ६५ हजार नॅनोटेस्ला भरते. सौरवाताबरोबर येणारे क्षेत्र पृथ्वीपाशी अवघे पाचएक नॅनोटेस्ला असते. एवढ्याशा क्षेत्रातून ग्रहाभोवती आवरण कसे उभे राहते, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

तत्पूर्वी पृथ्वीची व्यवस्था थोडक्यात सांगतो. पृथ्वीच्या गर्भातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून तिचे चुंबकत्व निर्माण होते. ते इतके बलवान आहे की सौरवाताला सूर्याकडील बाजूस सुमारे ६० हजार किलोमीटर दूरच थोपवून धरते. या संरक्षित प्रदेशाला चुंबकांबर म्हणतात. सूर्यावर वादळ झाले म्हणजे त्याचे धक्के आपल्यापर्यंत जाणवतात. १८५९च्या सप्टेंबरमधील प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. २ सप्टेंबर रोजी तेथील चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आले. ती नोंद आजही जगातील अभ्यासक मोलाची मानतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे मोजमापांत व्यत्यय येईल, म्हणून हे काम १९०४ पासून अलिबागला नेण्यात आले. आपल्यापैकी जे अलिबागला समुद्रकिनाऱ्यासाठी जातात, त्यांनी त्या गावाचे हे दुसरे महत्त्वही मुलांना सांगावे.

पृथ्वीच्या अगदी उलट स्थिती चंद्राची. त्याला ना व्यापक चुंबकत्व, ना म्हणण्यासारखी हवा. सौरवात थेट त्याच्या पृष्ठभागावर येऊन आपटतो आणि बराचसा तेथील मातीत मुरतो; चंद्राच्या पाठीमागे केवळ पोकळी उरते. १९६९ मध्ये ‘अपोलो-११’च्या अंतराळवीरांनी ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा चंद्रावर उभा करून हे कण गोळा करून आणले होते. आपले ‘चांद्रयान-१’ २००८ मध्ये गेले. त्यावरील उपकरणाने असे दाखविले की आदळलेल्या प्रोटॉनांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा हायड्रोजनचे अणू होऊन परत उसळतो.

येथे चौकस श्रोता विचारील की, शुक्रालाही स्वतःचे चुंबकत्व नाही; मग त्याचीही गत चंद्रासारखीच का होत नाही? याचे उत्तर असे की, शुक्राला हवा आहे. आणि नुसती हवा असणेही चुंबकीय आवरण उभारावयास पुरेसे होते. आजच्या विषयाचे मर्म हेच आहे.

शाळेत करता येण्यासारखा एक प्रयोग सांगतो. तांब्याची एक नळी उभी धरा आणि तिच्यातून एक शक्तिमान चुंबक खाली सोडा. तांबे लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही चुंबक धाडकन खाली न पडता संथपणे उतरत येतो. कारण, चुंबक हलू लागताच तांब्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांचे चुंबकत्व येणाऱ्या चुंबकाला विरोध करते. फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युत्चुंबकीय प्रवर्तन ते हेच. वाहक पदार्थाला आपल्या ठायी चुंबकीय बदल झालेला खपत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

शुक्राकडे ही तांब्याची नळी म्हणजे त्याचे आयनांबर. सूर्याच्या अतिनील किरणांनी वातावरणाच्या वरच्या थरातील अणू फुटतात आणि विद्युतवाहक असा एक थर ग्रहाभोवती तयार होतो. सौरवात आपल्या चुंबकीय रेषा घेऊन तेथे येऊन थडकला की या थरात विद्युत्प्रवाह सुरू होतात. त्या प्रवाहांचे क्षेत्र आतल्या बाजूस आलेल्या क्षेत्राला निष्प्रभ करते, तर बाहेरच्या बाजूस त्यात भर घालते. परिणामी रेषांना आत शिरता येत नाही. त्या दाराशीच साचत जातात. जे क्षेत्र शुक्रापाशी येताना दहा-एक नॅनोटेस्लांचे होते, ते साचून कित्येक पटींनी बळावते आणि त्याची एक तटबंदी उभी राहते. ही तटबंदी बाहेरून वाऱ्याचा दाब झेलते आणि आतून आयनांबराचा दाब तिला पेलून धरतो. मागून येणारा वारा मग ग्रहाला वळसा घालून निघून जातो. ज्या वाऱ्यापासून रक्षण करावयाचे, त्यानेच आणलेल्या सामग्रीची ही ढाल होय. ग्रहाची स्वतःची भर काय ती त्याच्या हवेची. शास्त्रज्ञ याला प्रेरित चुंबकांबर म्हणतात. आम्ही याला उसनी ढाल म्हणतो.

या आवरणाचा आकार ध्यानात येण्यासाठी पावसाळ्यात पूर आलेली नदी आठवावी. पुलाच्या खांबापाशी वाहून आलेले लांब गवत कसे अडते? मध्यभागी खांबाला अडकते, दोन्ही टोके पाण्याबरोबर पुढे जातात आणि खांबामागे दोन समांतर बटा लोंबू लागतात. चुंबकीय रेषाही तशाच ग्रहाला वळसा घालून मागे ताणल्या जातात आणि त्याच्या मागे एक लांब शेपूट तयार होते. त्याच्या दोन भागांत क्षेत्राची दिशा परस्परविरुद्ध असते, एकात सूर्याकडे तर दुसऱ्यात सूर्यापासून दूर. फरक एवढाच की गवत अडकून राहते, आणि रेषा मात्र हळूहळू निसटून जातात व त्यांची जागा नव्या घेतात. म्हणूनच सौरवातातील क्षेत्राची दिशा पालटली की या शेपटाची रचनाही पालटते. पृथ्वीच्या ध्रुवांसारखे स्थिर असे काहीच तेथे नसते.

हे केवळ तर्काचे इमले नव्हेत. आल्फव्हेन यांनी १९५७ मध्ये धूमकेतूंच्या बाबतीत नेमकी हीच रचना कल्पिली होती, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये एक अमेरिकन यान जियाकोबिनी-झिनर या धूमकेतूच्या शेपटातून आरपार गेले, तेव्हा विरुद्ध दिशांचे ते दोन भाग प्रत्यक्ष मोजले गेले. मार्च १९८६ मध्ये ‘जिओत्तो’ हे यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेले. त्याला केंद्राभोवती चार हजारांहून अधिक किलोमीटरपर्यंत चुंबकीय क्षेत्राचा मागमूसही आढळला नाही. धूमकेतूतून बाहेर पडणाऱ्या वायूने सौरवाताच्या रेषा तितक्या अंतरावर रोखून धरल्या होत्या. शुक्राभोवती तर ‘पायोनिअर व्हीनस’ हे यान १९७८ पासून १९९२ पर्यंत फिरत होते. त्याने ही तटबंदी, तिच्या आतील आयनांबराची सीमा आणि मागील शेपूट यांचा सविस्तर अभ्यास केला. काही रेषा तटबंदी भेदून आयनांबरात उतरतात, आणि दोरखंडाला पीळ भरावा तशा पिळवटलेल्या जुड्यांच्या रूपात तेथे आढळतात, हेही त्यालाच दिसले. पृथ्वीची ढाल ६० हजार किलोमीटरवर आहे असे मघाशी सांगितले. शुक्राच्या आयनांबराची सीमा मध्यान्हीच्या बाजूस अवघ्या ३०० किलोमीटर उंचीच्या आसपास असते. शत्रू अंगणाबाहेर अडविणे वेगळे आणि उंबरठ्यावर अडविणे वेगळे.

आता मंगळाकडे वळू. आपल्या घरांतून मुलामुलींच्या पत्रिका पाहताना ‘मंगळ आहे’ एवढ्या दोन शब्दांवर जुळत आलेली बोलणी मोडतात. आमच्या पाहण्यातील एका सुविद्य, सुशील मुलीच्या बाबतीत हे दोन वेळा घडले. ज्योतिषाची चर्चा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. परंतु ज्याच्या धाकाने आपण मुलींचे संसार अडवून ठेवतो, तो ग्रह प्रत्यक्षात कसा आहे, हे एकदा तरी पाहून घ्यावे अशी आमची विनंती आहे.

मंगळाचा व्यास पृथ्वीच्या निम्म्याच्या आसपास आणि वस्तुमान सुमारे एक-दशांश आहे. त्याच्याही गर्भात एके काळी चुंबकत्व निर्माण होत असे. परंतु सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी ती क्रिया थांबली. त्याची आठवण मात्र खडकांत शिल्लक आहे. १९९७ मध्ये तेथे पोहोचलेल्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानाला मंगळाच्या दक्षिण गोलार्धातील जुन्या कवचात चुंबकीय खडकांचे विस्तीर्ण प्रदेश आढळले. काही ठिकाणी सुमारे १०० किलोमीटर उंचीवरही क्षेत्र १,५०० नॅनोटेस्लांच्या घरात भरले. तेव्हा मंगळाचे आवरण संमिश्र आहे. बहुतेक भागावर शुक्रासारखी उसनी ढाल आणि मधून मधून खडकांच्या चुंबकत्वाच्या छत्र्या. मंगळ साडेचोवीस तासांहून थोड्या अधिक वेळात स्वतःभोवती फिरतो, त्याबरोबर या छत्र्याही कधी सौरवाताच्या तोंडाशी येतात, कधी पाठीमागे जातात. त्यामुळे मंगळामागील चुंबकीय शेपटालाही पीळ पडलेला असतो.

ही ढाल वाऱ्याच्या किती आधीन असते, याचे एक विलक्षण उदाहरण २६ डिसेंबर २०२२ रोजी पाहावयास मिळाले. त्या सुमारास मंगळापाशी सौरवात एकाएकी जवळजवळ नाहीसा झाला. त्याची घनता सुमारे शंभर पटींनी उतरली. तत्क्षणी मंगळाचे आवरण हजारो किलोमीटर फुगले, आणि वारा पूर्ववत होताच ते पुन्हा पूर्वीच्या आकाराला आले. ‘मेव्हन’ यानाने ही घटना टिपली.

उसन्यावर व्याज द्यावे लागते, आणि या ग्रहांना ते हवेच्या रूपाने द्यावे लागते. वातावरणाच्या अगदी वरच्या थरातील काही अणू ढालीच्या बाहेर वाऱ्यात डोकावत असतात. त्यांचा इलेक्ट्रॉन सुटला की वाहत्या चुंबकीय क्षेत्राच्या तावडीत सापडून ते उचलले जातात. काही कायमचे निघून जातात. काही परत वातावरणावर आदळून दुसऱ्या अणूंना बाहेर उडवितात, जशी कॅरमची एक सोंगटी दुसरीला. सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळापाशी पोहोचलेल्या ‘मेव्हन’च्या मोजणीप्रमाणे मंगळाची हवा सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम या वेगाने जात होती, म्हणजे दिवसाला साडेआठ टनांहून अधिक. सूर्यावरील वादळांच्या वेळी हा वेग वाढतो. सूर्याच्या तारुण्यात तो कितीतरी अधिक असला पाहिजे. आर्गॉन हा वायू कशाशीही संयोग पावत नाही, म्हणून तो खडकात मुरून बसणे शक्य नाही. जाईल तर अवकाशातच जाईल. त्याच्या अभ्यासावरून मंगळावरील ६५ टक्के आर्गॉन अवकाशात गेला, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मेव्हन’नंतर दोन-तीन दिवसांतच आपले ‘मंगळयान’ही तेथे पोहोचले होते, आणि मंगळाच्या वातावरणाच्या याच सर्वांत वरच्या, निसटत्या थराची मोजमापे त्याने केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. ज्याचा आपण धाक बाळगतो त्या मंगळाला स्वतःची हवाही राखता आलेली नाही. आज तेथील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक शतांशाहूनही कमी आहे.

यावरून कोणी म्हणेल की, चुंबकत्व गेले म्हणून हवा गेली. तात्पर्य स्पष्ट आहे. अनेक पुस्तकांतून मुलांना असेच शिकविले जाते. परंतु थोडे थांबून विचार करावा. शुक्र सूर्याला आपल्यापेक्षा जवळ. त्यालाही चुंबकत्व नाही. तरी त्याच्या हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक आहे. म्हणजे उसन्या ढालीवरही भक्कम वातावरण टिकू शकते. मंगळाची अडचण दुहेरी आहे. त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. हलके अणू त्याला धरून ठेवता येत नाहीत. उलट, पृथ्वीचे चुंबकत्व बलवान असूनही ध्रुवांजवळील उघड्या रेषांवरून तिचाही वायू थोडाथोडा निसटत असतो. स्वतःचे चुंबकत्व हवेचे नेमके किती रक्षण करते, यावर विद्वानांत आजही वाद चालू आहे. मात्र शुक्रही काही निर्धास्त नाही. २००६ ते २०१४ या काळात तेथे असलेल्या ‘व्हीनस एक्स्प्रेस’ यानाला असे आढळले की शुक्रावरून निसटणाऱ्या कणांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण साधारण दोनास एक, म्हणजे पाण्यात असते तेच, आहे. त्याने हवा राखली, पण पाणी गमावले. सोपे उत्तर लवकर पाठ होते. खऱ्या उत्तरापर्यंत जाण्यास उदाहरणे समोरासमोर ठेवून ताडून पाहावी लागतात. आमच्या विद्यार्थिमित्रांनी या विषयातून दुसरे काही घेतले नाही तरी एवढे अवश्य घ्यावे.

सौरवाताचा अभ्यास आता आपल्या देशातही स्वतंत्रपणे होऊ लागला आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या नोंदीला बरोबर १६४ वर्षे झाली त्या दिवशी, ‘आदित्य-एल१’ हे यान निघाले आणि जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या नियोजित स्थानी पोहोचले. सौरवाताचे कण आणि त्यांच्याबरोबरचे चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे त्यावर बसविलेली आहेत; सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत तयार झाली. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींना हे क्षेत्र परके वाटू नये. पार्कर यांच्यासारखा प्रश्न कोणी विचारला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी चंद्रशेखरांप्रमाणे त्याला वाट करून द्यावी.